ग्लासगोतले झाइडलर

“बोलवायच्या आधी मला विचारायचंस,” सुप्रभा म्हणाली.

“सरप्राइज होतं, आई. आय थॉट तू खूश होशील.” आसावरीने केटलचं बटण दाबलं. “बाबांची सख्खी बहीण आहे ती. शनिवारी येतेय.”

सुप्रभाने फडकं उचललं. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली.

एर्न्स्ट झाइडलर जाऊन वर्ष होत आलं होतं. १९३९ साली नाझी जर्मनीतून ज्यू मुलांना इंग्लंडला आणणाऱ्या गाडीत, पाच वर्षांचा असताना, तो एकटाच आला होता. पुढे ग्लासगोत वाढला, शाळेत भूगोल शिकवू लागला आणि पुण्याहून नर्स म्हणून आलेल्या सुप्रभाशी त्याने लग्न केलं.

मागच्या माणसांविषयी विचारलं की तो आडनावाविषयी बोलू लागे. झाइडलर म्हणजे रानातल्या उंच झाडांवर चढून मध काढणारे. माश्यांनी घर करावं म्हणून ते जिवंत झाडाच्या खोडात ढोली कोरत. आसावरी लहानपणी हे ऐकता ऐकता झोपून जायची. तो धंदा केव्हाच संपला. नाव तेवढं उरलं, तेही थोड्यांकडे. ग्लासगोच्या फोनबुकात झाइडलर एकच होते. त्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणायचा, “बघ, आपणच.” पन्नाशीनंतर त्याने परसात पेट्या आणून मधमाश्यासुद्धा पाळल्या.

आसावरीला पुण्यात मामा-मावश्या पुष्कळ. वडिलांच्या बाजूला मात्र कुणीच नाही. ‘आत्या’ हा शब्द तिला येत होता, पण त्या नावाने हाक मारायला माणूस नव्हतं. बाबा गेल्यावर ते फार जाणवू लागलं. मग ती रोज इंटरनेटवर ते आडनाव शोधत बसू लागली. एवढं दुर्मीळ नाव, त्यामुळे फार शोधावं लागलं नाही. साउथहॅम्प्टनला लोटे झाइडलर म्हणून एक बाई सापडल्या. ऐंशीच्या पुढच्या, अविवाहित. शिवणकाम शिकवायच्या, आता निवृत्त.

फोनवर आसावरीने वडिलांचं नाव सांगितलं, तेव्हा पलीकडून ते पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं गेलं.

“एर्न्स्ट माझा धाकटा भाऊ,” मग लोटे म्हणाली.

शनिवारी लोटे आली. लहानखुरी, ताठ मानेची. आसावरी तिच्याशी इंग्रजीतच बोलली. एक शब्द मात्र मराठी ठेवला.

“तुम्हाला मी आत्या म्हणू?”

“म्हणजे काय?”

“वडिलांची बहीण.”

लोटेने तिच्याकडे पाहिलं. “म्हण,” ती हळूच म्हणाली.

सुप्रभाने एर्न्स्टचा फोटो आणून तिच्या हातात दिला. शेवटच्या उन्हाळ्यातला, परसातल्या पेट्यांपाशी उभा असलेला. लोटेने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“इतका म्हातारा झाला हा!” ती म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. फोटोतल्या पांढऱ्या केसांवरून ती बोट फिरवत राहिली.

“लोटे,” सुप्रभा म्हणाली, “मला तुम्हाला एक...”

“रागीट होता का?”

“नाही. कधीच नाही.”

“आणि जेवायचा नीट?”

सुप्रभाने मान डोलावली आणि चहाचं निमित्त करून उठली. आसावरी मागोमाग किचनमध्ये गेली. आई सिंकला धरून उभी होती.

“आई, व्हॉट्स राँग?”

“दार लाव.” सुप्रभा म्हणाली. “ती तुझी आत्या नाही. तुझे बाबा एर्न्स्ट नव्हतेच. त्यांचं खरं नाव योझेफ. एर्न्स्ट शेजारचा मुलगा. गाडीच्या यादीत नाव त्याचं होतं, पण निघायच्या वेळी तो तापाने फणफणला. मुलांच्या गळ्यात नावाच्या पाट्या असायच्या. त्याची पाटी स्टेशनवर कुणीतरी बाबांच्या गळ्यात घातली. कुणी, ते त्यांना आठवत नव्हतं. एर्न्स्ट मागेच राहिला.”

“पण तिने फोटो ओळखला!”

“एवढ्या वर्षांनी? तिला ओळखायचंच होतं गं.” सुप्रभाने डोळ्यांना पदर लावला. “बाबांना तिचा शोध घेता आला असता. हिंमत झाली नाही. ‘तुझ्या भावाची जागा मी घेतली’, हे तिला कसं सांगायचं? दुसऱ्याचं नाव म्हणून तर इतकं जपलं त्यांनी. आज मी सांगणार होते. पण कशी फोटोवरून हात फिरवत होती बघितलंस ना? तिला भाऊ मिळालाय. तो राहू दे तिच्याजवळ.”

आसावरीने आईला घट्ट धरलं. मग चहाचा ट्रे उचलून ती बाहेर गेली. “आत्या, साखर?” तिने विचारलं.

संध्याकाळी लोटेला विमानतळावर सोडायला ती एकटीच गेली. लोटे वाटभर खिडकीबाहेर बघत होती. दाराशी उतरल्यावर तिने आसावरीचा हात सोडला नाही.

“तुझी आई मला काहीतरी सांगणार होती.”

“नाही, आत्या. काही नाही.”

लोटे हसली. “युद्ध संपल्यावर मी या देशात आले. त्याला शोधलं असतं तर चौकशा झाल्या असत्या, त्याला त्रास झाला असता. म्हणून शोधलं नाही. फक्त आडनाव बदलायची वेळ येऊ दिली नाही. असं नाव इकडे कुणाचं नसतं. वाटायचं, कधीतरी त्यालाच मी सापडेन.”

“चौकशा कसल्या?”

“एर्न्स्ट आदल्या दिवशीच तापाने माझ्या मांडीवर गेला होता,” लोटे म्हणाली. “स्टेशनवर त्याची पाटी योझेफच्या गळ्यात मी बांधली. सांग ना, शेवटपर्यंत सुखात होता ना तो?”