हरणं बुजली नाहीत

स्कॉटलंडच्या त्या डोंगरावरची हरणं हिवाळ्यात इशबेलच्या अंगणात वैरण खायला यायची, पण भारी संशयी. नवी बादली दिसली तरी आठवडाभर फिरकायची नाहीत. एकदा तिनं नवा कोट घातला, तर तिलाच बुजून पळाली. "तुला नाही, तुझ्या जुन्या कोटाला मान आहे!" शेजारचा मर्डो चिडवायचा.

आज खोली भाड्यानं मागायला एक अनोळखी माणूस आला. फाटक उघडून तो सरळ कळपातून चालत आला, आणि एकाही हरणानं मान वर केली नाही. म्हातारी हरिणी तर त्याला वाट द्यायला जराशी सरकली.

इशबेलनं दार अडवूनच विचारलं, "याआधी कधी आला होतात इकडे?"

"छे हो बाई, पहिल्यांदाच."

"मग माझी हरणं तुम्हाला बुजली कशी नाहीत?"

तो नुसता हसला. तिला ते हसणं काही पटलं नाही. खुंटीवरचा जुना कोट अंगात चढवून, रोजचीच बादली घेऊन ती अंगणात उतरली.

सगळ्या माना एकदम वर झाल्या. क्षणभर हरणं तिच्याकडे टक लावून बघत राहिली आणि उधळली ती थेट डोंगराकडे.

मागे, तिच्याच दारात उभा राहून तो समजुतीनं म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, बाई. नवं माणूस दिसलं की बुजतातच ती."