डाव्या मनगटासाठी

"जड आहे," शुभा म्हणाली आणि तिने तिसरं घड्याळही काउंटरवर परत ठेवलं.

दुकानदाराने तक्रार केली नाही. पिकल्या केसांचा हा अमेरिकन माणूस वीस वर्षं विमानांची देखभाल करत होता. आता प्लेनो शहरातल्या या छोट्या दुकानात घड्याळं विकायचा आणि दुरुस्तही करायचा. आसपासचे पायलट त्याच्याकडेच येत.

"मुलासाठी हवंय?" त्याने विचारलं.

"परीक्षितसाठी," शुभा म्हणाली. "चोवीस वर्षांचा आहे. उद्या सकाळी सातला उडणार आहे."

"पहिल्यांदाच?"

"नाही. चौदा महिन्यांपूर्वी अपघात झाला. त्यानंतर पहिल्यांदा."

दुकानदाराने परत आलेली घड्याळं बाजूला सारली. "मनगट केवढं आहे?"

शुभाने अंगठा आणि मधलं बोट जुळवून हवेत एक कडं केलं. मग ते जरा सैल केलं. "हॉस्पिटलमध्ये धरलं होतं तेव्हा एवढं होतं. पण तेव्हा सूज होती. डाव्या हातात प्लेट घातलीय, म्हणून हलकं हवं."

तिचा नवरा विष्णू दाराजवळच्या शोकेसपाशी उभा होता. हे घड्याळ घेणं त्याला मान्य नव्हतं आणि परीक्षितने पुन्हा विमानात बसणं तर त्याहूनही नव्हतं. त्या अपघातानंतर तो परीक्षितशी बोललेलाच नव्हता. परीक्षित उद्या उडणार हेसुद्धा त्याच्या इन्स्ट्रक्टरने शुभाला फोन करून सांगितलं, तेव्हा घरात कळलं.

दुकानदाराने काळ्या डायलचं एक देखणं घड्याळ पुढे केलं. त्यात तीन छोटे डायल होते आणि कडेला बारीक आकड्यांची रांग होती. "हे खूप खपतं."

"ते नको," मागून विष्णू म्हणाला.

शुभाने वळून पाहिलं.

विष्णू काउंटरपाशी आला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. "विमान हलायला लागलं की हे आकडे वाचता येणार नाहीत. काटे जाड हवेत. अंधारात दिसायला हवेत. आणि ही बाहेरची रिंग फिरती हवी."

"कशासाठी?" शुभाने विचारलं.

"त्या विमानाला दोन्ही पंखांत पेट्रोलच्या टाक्या असतात. दर अर्ध्या तासाने एक बंद करून दुसरी चालू करायची. रिंग फिरवून ठेवली की वेळ चुकत नाही."

दुकानदार हसला. "तुम्हीही उडवता?"

"नाही. वाचलंय."

वर्षभर विष्णू तळघरातल्या टेबलाशी काय वाचत बसतो, हे शुभाने कधी विचारलं नव्हतं.

मग बराच वेळ विष्णूनेच घड्याळं पाहिली. एकाची काच सहज ओरखडणारी निघाली. दुसऱ्याची चावी इतकी बारीक होती की हातमोजा घालून धरता आली नसती. तिसरं चांगलं होतं, पण पट्टा चामड्याचा. "घामाने सहा महिन्यांत जाईल," तो म्हणाला. आयुष्यभर त्याने कारखान्यांत यंत्रांच्या चाचण्या घेतल्या होत्या. घड्याळ हातात आलं की तो आपोआप आधी त्यातलं काय मोडेल तेच शोधत होता.

शेवटी एक टायटॅनियमचं घड्याळ त्याने तळहातावर तोललं. पांढरे आकडे, जाड काटे, फिरती रिंग, कापडी पट्टा. त्याने ते स्वतःच्या डाव्या हाताला बांधलं, हात वर-खाली केला, मूठ वळली.

"हे," तो म्हणाला.

"मागे काही कोरून देऊ?" दुकानदाराने विचारलं. "आई-बाबांकडून, असं काही? बहुतेक लोक तेच सांगतात."

शुभाने मान हलवली. "नको. तसंच राहू दे."

गाडी हायवेला लागली तसा विष्णूचा वेग कमी होत गेला. मागच्या गाड्या हॉर्न देऊन पुढे जाऊ लागल्या. एक्झिट आली तेव्हा त्याने गाडी कडेला घेऊन थांबवली.

"मला नाही जमणार, शुभा."

"मग मी एकटी जाते. तू गाडीत बस."

"त्याला बघितलं की मला काय होईल, मलाच ठाऊक नाही."

"मलाही नाही," शुभा म्हणाली. "पण तो उद्या त्या विमानात चढेल तेव्हा त्याच्या डोक्यात तुझा न बोललेला चेहरा असेल. तो घेऊन उडू नये त्याने. हात थरथरला तर?"

विष्णूने इंडिकेटर दिला.

घरासमोर पोहोचल्यावर खोका त्यानेच उचलला. बेल शुभाने वाजवली.

दार परीक्षितच्या आईने उघडलं. शुभाला पाहताच मंजुषाचा हात तोंडावर गेला. ती हाक मारायला मागे वळली.

परीक्षित स्वतःच जिना उतरून आला आणि मधल्या पायरीवर थबकला.

"काका," तो म्हणाला. "तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार मी उद्या. खरंच."

विष्णू आत आला. त्याने खोका उघडला, परीक्षितचा डावा हात ओढून घेतला आणि घड्याळ बांधू लागला. दोनदा बक्कल सुटलं.

"अपघाताचा रिपोर्ट मी तीनदा वाचला," तो मान वर न करता म्हणाला. "इंजिन बंद पडलं होतं. त्या दिवशी विमान तू चालवत होतास, पण आमचा सत्यजित तुझ्यामुळे गेला नाही."