करवतीमागचा आवाज

सदाहरित जंगलातल्या उंच झाडांवर बसवलेल्या यंत्रांनी टिपलेला आवाज संशोधन केंद्रातल्या संगणकावर ऐकू यायचा. आज ओढ्यापलीकडे यांत्रिक करवत घरघरत होती आणि सकाळपासून संशोधक बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी गावच्या जंगल-राखण पथकाच्या प्रमुख मावशींना बोलावून घेतलं आणि त्यांच्या कानांना हेडफोन लावले.

"मधेच कुणीतरी हाका मारतंय बघा. आवाज ओळखीचा वाटतो का?"

टेबलावर चाळा करणारी मावशींची बोटं थांबली.

"माझा धाकटा आहे," त्या म्हणाल्या. "बंदरावर कामाला जातो म्हणून घरातून निघाला होता."

खोलीत येरझाऱ्या घालून झाल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "मावशी, अजून कुणाला कळवलेलं नाही. यंत्रच बिघडलं होतं, असं सांगता येईल मला."

मावशींनी हेडफोन काढून ठेवले आणि दाराशी जाऊन बूट चढवले.

"पथकाला ओढ्याशी दबा धरून बसायला सांगा. पुढे मी एकटीच जाते. दुसरं कुणी दिसलं तर पळून जाईल तो. मला बघून नाही पळायचा."