बेचाळीस मिनिटं

“पुन्हा मागे घे,” थोरला म्हणाला. “खोकल्यानंतर काहीतरी बोलली बघ ती.”

त्याच्या मुलीने पडद्यावरचं बोट मागे सरकवलं. फोनमध्ये आजी पुन्हा खोकली आणि म्हणाली, “ती तांबडी कोंबडी कुठे अंडं घालतेय, लक्ष ठेव गं.”

थोरल्याने हातातला कागद चुरगळला. थोड्याच वेळात अंगणात शोकसभा सुरू व्हायची होती आणि आईबद्दल त्याला बोलायचं होतं. दूध संस्थेचा अध्यक्ष तो. कुणाचा सत्कार असो की कुणाचा निरोप, एकदा उभा राहिला की पंधरा मिनिटं त्याला कुणी खाली बसवू शकत नसे. आज मात्र सकाळपासून कागदावर ‘कष्टाळू’ आणि ‘मायाळू’ एवढे दोनच शब्द उतरले होते. तेही त्याने खोडले, कारण गेल्याच महिन्यात ते सचिवाच्या सासूला वाहून झाले होते.

तासाभरापूर्वी मुलीला आठवलं. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या कामासाठी तिने आजीची मुलाखत घेतली होती. तिच्या आयुष्याबद्दल, बेचाळीस मिनिटं. थोरल्याला वाटलं, सुटलो. आईच बोलेल, आपण एखादं वाक्य उचलायचं. पण पस्तीस मिनिटं झाली तरी हाती भोपळाच.

“आजी, लग्न होऊन इथे आलीस तेव्हा तू कशी होतीस?”

“कशी असणार? दोन हात, दोन पाय. ते टोपलं सरकव इकडे.”

“आजी, तुला सगळ्यात जास्त आनंद कधी झाला?”

“थांब, वासरू सुटलं!”

त्यानंतर चार मिनिटं नुसती वासराची आई-आजी उद्धरलेली ऐकू येत होती. गोठ्यात गाय हंबरली.

“आधी त्या गाईला गप्प करा रे कुणीतरी!” थोरला ओरडला. “एक अक्षर ऐकू येत नाहीये.” मग तो मुलीवर घसरला. “एवढी कॉलेजात जातेस, तुला एक प्रश्न धड विचारता आला नाही?”

“मी विचारले बाबा. तिने उत्तरं दिली नाहीत.”

“मग धरून बसवायचं होतं तिला.”

“तुम्ही कधी बसवलं होतंत?” मुलगी म्हणाली आणि लगेच मान फोनमध्ये घातली.

दारातून धाकटा भाऊ डोकावला. तो शहरातून आजच आला होता, शर्टाची इस्त्रीसुद्धा अजून मोडली नव्हती. “दादा, खुर्च्या भरल्या. हेडमास्तर येऊन बसलेत. आटप, मला सातची गाडी आहे.”

“मग तूच बोल ना आईबद्दल.”

“तू जन्मभर तिच्याजवळ राहिलास. तुला जास्त माहीत.”

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. साठ वर्षं एका छताखाली काढली, आणि आईला खायला काय आवडायचं हे त्याला सांगता आलं नसतं. ती दुपारी कुठे आडवी व्हायची? आडवी व्हायची तरी का? त्याला स्वतःचा संताप आला आणि त्याहून जास्त तिचा आला. बाई, एकदा तरी स्वतःबद्दल काही बोलायचं होतंस!

“आजी, आता शेवटचा प्रश्न,” फोनमधली मुलगी म्हणाली. “तुझ्या मनात राहून गेलंय, असं काही आहे?”

थोरल्याने पेन उघडलं. फोनमध्ये टोपलं सरकलं. मग एक गाय हंबरली.

“ठोंब्या!”

थोरला दचकला. सगळा गाव त्याला अध्यक्षसाहेब म्हणायचा. आई मात्र गुरांच्या डॉक्टरसमोरही ठोंब्याच म्हणायची.

“गायींना पाणी दाखवलंस का रे? कधीची ओरडतायत. कान आहेत की भोकं?”

“दाखवतो गं.” हा त्याचाच आवाज होता, तोंडात घास असलेला. “जरा टेकू दे की.”

“टेक, टेक. मी जाते.”

चपला सरकल्या. बादलीची कडी वाजली. मग नळाचं पाणी रिकाम्या बादलीत पडायला लागलं.

“पुढे?” थोरल्याने विचारलं.

“पुढे काही नाही. ती परत आलीच नाही. मी वाट बघून उठले, फोन चालूच राहिला.”

त्याने ती दुपार आठवून पाहिली. आठवेना. तशा दुपारी रोजच्याच होत्या.

पुन्हा गाय हंबरली.

“ही फोनमधलीच ना?”

“नाही बाबा. बाहेरची.”

थोरला वळला. “आज पाणी कुणी दाखवलं?”

“मला वाटलं वहिनीने,” धाकटा म्हणाला.

“मी सकाळपासून पाहुण्यांच्या चहात आहे,” आतून वहिनीचा आवाज आला. “मला वाटलं, तुम्हा दोघांपैकी कुणीतरी दाखवलं असेल.”

थोरल्याने कागद खिशात कोंबला, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि कोपऱ्यातली बादली उचलली. अंगणात खुर्च्यांच्या मधून तो गोठ्याकडे निघाला, तसे हेडमास्तर अर्धवट उठले. “अध्यक्षसाहेब, सुरुवात करायची ना?”

“बसा मास्तर,” तो म्हणाला. “गायींना पाणी दाखवून येतो.”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्याने नळ सोडला. मागे घरात फोन बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं, आणि तिथे आईची बादली अजून भरतच होती.