आधी फुगा, मग दिवा

जन्मभर कारखान्यात रेडिओ जोडायचं काम केलेली आजी कॉम्प्युटरवर फुगे फोडण्याच्या खेळात नातीला रोज हरवायची. तरी कुरकुर होतीच. "हा माऊस उशीर करतो गं, नाहीतर याहून जास्त फोडले असते."

सोक्षमोक्ष लावायला आजीने माऊस उघडून बटणाला इवलासा दिवा जोडला. बटण दाबलं की दिवा लागणार, आणि त्यानंतर फुगा किती उशिरा फुटतो ते मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिसणार.

व्हिडिओत भलतंच दिसलं. फुगा आधी फुटला, दिवा मागून लागला. आजीने जोड तपासले, पक्के होते. मग टेबलाखाली नातीच्या मांडीवर त्याच कॉम्प्युटरला जोडलेला दुसरा माऊस दिसला.

"उशीर करतो का गं, आजी?"

आजीने व्हिडिओ पुसून टाकला.

"छे. मी बोट हलवायच्या आत मनातलं ओळखतो."