न उसवता

बायकोला आत नेताना कुशनवाल्याने दारात पुन्हा एकदा विचारून घेतलं, "सिस्टर, कापाकापी नाही ना?"

"नाही हो. तोंडातून नळी जाते, तिच्या टोकाला कॅमेरा असतो. पोटावर ओरखडासुद्धा उठायचा नाही."

"ऐकलंस?"

"सकाळपासून तेच ऐकतेय," बायको स्ट्रेचरवरून म्हणाली. "आता बाहेर बसा. नाहीतर तुम्हालाच नळी घालतील."

तिला सुरीचं भय. दोन घास गेले की पोट तुडुंब व्हायचं, अंगावरची कापडं लोंबायला लागली होती, तरी ती दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. न कापता आतलं दिसतं म्हटल्यावर कुठे आधी स्कॅनला आणि आज या नळीला तयार झाली.

तो बाकावर टेकला. बाकाचं रेक्झिन कोपऱ्यात फाटलं होतं. त्याने आतला फोम बोटाने दाबून पाहिला. सवय. त्याचं आयुष्य खुर्च्या-सोफे उसवण्यात गेलं होतं. खरं दुखणं असलं की पाठ उसवावीच लागते. न उसवता भागलं तर काम किरकोळ. एखादा खिळा ठोकला, स्क्रू आवळला की गिऱ्हाईक खूश. त्याच हिशेबाने तो निवांत बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं आणि पडद्यावर फोटो दाखवला. पोट आतून असं गुलाबी, ओलं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. एका जागी तो गुलाबी रंग संपत होता.

"तुकडा तपासायला पाठवलाय," त्या म्हणाल्या. "पण आधीच्या स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसलेच होते. सुरुवात कुठून झाली ते आज कळलं. तुम्हाला आशेला लावून ठेवत नाही."

"मग ऑपरेशन कधी करायचं?"

"ऑपरेशन नाही. आता उघडण्यात अर्थ नाही. त्यांना घरी न्या. दुखू नये म्हणून औषधं देऊ. खावंसं वाटेल ते खाऊ द्या."

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. कुणी एखादा जुना सोफा घेऊन येतं. नुसता हात लावला तरी कळतं, सांगाडा वाळवीने पोखरलाय. तो सोफा तो उसवत नाही. "घरी न्या, चालेल तेवढा वापरा," म्हणतो. मुद्दाम हलक्या आवाजात म्हणतो. गिऱ्हाईक आभार मानून जातं. न उसवता परत जाणारं सामान दोन तऱ्हेचं असतं, हे मघाशी बाकावर तो साफ विसरला होता.

डॉक्टरीणबाईंचे आभार मानून तो बाहेर आला.

बायको उठून बसली होती. औषधाच्या फवाऱ्याने जीभ जड झालेली, केस विस्कटलेले.

"काय म्हणाल्या? कापणार?"

"नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ. ऑपरेशन नाहीच. घरी जा म्हणाल्या."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडात होतं. पण तिने डोळे मिटून हात जोडले आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

"उगीच जीव टांगणीला लावला मेल्यांनी," ती म्हणाली. "चहा पाजा आता. सकाळपासून उपाशी आहे."

"इतक्यात नको. घसा बधिर आहे, ठसका लागेल."

"मग दुकानात चला. ती खुर्ची पाठ उघडी टाकून आलेय. आजच मिटवून टाकते."

सगळं काम तो करायचा, पण शेवटची शिवण तिची. वाकड्या सुईने ती पाठ अशी मिटवायची की टाका शोधून सापडू नये. त्याचा हात जड.

"तुम्ही लावू नका हात," दुकानात शिरताना ती म्हणाली. "तुमचे टाके आंधळ्यालाही दिसतील."

तिने स्टूल ओढलं, सुई ओवली आणि बसली. तो कात्री शोधत राहिला. कात्री समोरच होती. हातभर शिवून झाल्यावर तिचा हात थांबला.

"अहो."

"हं?"

"मागे त्या म्हाताऱ्या बाईंचा दिवाण तुम्ही न उसवता परत दिलात."

"हं."

"त्यांना खरं सांगितलं होतंत?"

त्याने कात्री उचलली, परत ठेवली.

"नाही."

ती थोडा वेळ खुर्चीच्या उघड्या पाठीतून दिसणाऱ्या फोमकडे बघत राहिली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "आनंदाने घेऊन गेल्या बिचाऱ्या."

मग तिने सुई होती तिथेच कापडात खुपसली. "दमले हो. उद्या बघू."

त्यानंतर तिने त्याला काही विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही.

आता खुर्चीचा मालक अधूनमधून येतो, दारातून बघतो आणि खुर्ची न मागताच जातो. दोरा ओवलेली सुई तिने खुपसली तिथेच आहे. पाठ वीतभर शिवायची राहिली आहे.