खोक्यावरचं स्वस्तिक

"सातातलं सहावं दुकानही काल बंद केलं," रविवारी लेकीकडे जेवायला आलेले बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक टीव्ही नुसता बघून जातं गं. मागवतं मोबाइलवरून. आता उरलेलं एक तरी टिकायला हवं."

बोलता बोलता त्यांची नजर तिच्या नव्या टीव्हीवर गेली.

"ह्यांना ऑफिसातून मिळाला," ती घाईने म्हणाली.

"छान आहे. रंग तेवढे भडक ठेवलेत." त्यांनी रिमोट घेऊन चित्र नीट लावून दिलं. ती चहा करेपर्यंत ते देवघरापाशी, मग गॅलरीत घुटमळले आणि पाचला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या दुकानाचं शटर उचलताना ते कोसळले, ते उठलेच नाहीत.

तेरावा झाल्यावर तिने गॅलरीत चादरीखाली लपवलेलं टीव्हीचं खोकं ओढून काढलं. ऑनलाइन कंपनीच्या लेबलवर तिचंच नाव होतं. त्याशेजारी कुंकवाचं स्वस्तिक वाळलं होतं. दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक खोक्यावर बाबा असंच काढत.

त्यावर हात ठेवून ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, दिवाळीत मीही हा तुमच्या दुकानात नुसता बघून गेले होते."